प्रश्न क्रमांक सात

"अगं, हा सातवा प्रश्न नक्की कुणाला विचारलायस?"

आजींनी फॉर्म माझ्यापुढे धरला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. बाकीची मंडळी खाली मान घालून चौकटींत खुणा करत होती. सातवा प्रश्न असा होता: 'सत्रात दिलेल्या विषयावर मला माझं मत मोकळेपणाने मांडता आलं.' पुढे पाच चौकटी, 'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे'पर्यंत. प्रश्नात तसं वावगं काही नव्हतं. अडचण एवढीच, की त्या बैठकीत विषय 'देण्याची' पद्धत बंद होऊन आठ महिने उलटले होते.

"विषयच दिला नाही, तर मी त्यावर मोकळी कशी होऊ?" आजी म्हणाल्या.

मी म्हणाले, "मधली चौकट भरा."

त्यांनी भरली. मग ती खूण आकडेवारीत गेली, तिची सरासरी निघाली, त्या सरासरीचा एक निळा स्तंभ झाला आणि तो अहवालात दिमाखात उभा राहिला. त्या स्तंभातला निदान एक दगड मी स्वतःच्या हाताने बसवलाय, हे फक्त मला आणि आजींना ठाऊक होतं. आजींनी अहवाल वाचला नाही. मी वाचला.

काम असं होतं. एका वस्तीत जुने रहिवासी आणि नंतर येऊन राहिलेले यांच्यात अबोला होता. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं. एका संस्थेने दोन्हीकडच्या लोकांना महिन्यातून दोनदा गोल बसवून बोलतं करायचं ठरवलं. बारा सत्रं, प्रत्येकाचा विषय ठरलेला, बाहेरून आलेला प्रशिक्षित फॅसिलिटेटर, आधी बेसलाइन म्हणजे सुरुवातीची मोजणी आणि शेवटी एंडलाइन म्हणजे अखेरची. या दोन टोकांमधला फरक मोजायला मला नेमलं होतं. मी बावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. तो करताना मी पुष्कळ विचार केला होता हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्या फॉर्मची बरीच शोभा होणार आहे.

बारा सत्रं संपली तेव्हा लोकांनी विचारलं, पुढची कधी? संस्थेने मुदत वाढवली. मग एकेक गोष्ट जागची हलत गेली. फॅसिलिटेटर दुसऱ्या कामावर गेले आणि गटातल्याच दोघी आळीपाळीने बैठक चालवू लागल्या. ठरलेले विषय संपले तसे लोक आपापले विषय आणू लागले. एकदा कुणीच काही आणलं नाही, तरी बैठक दीड तास चालली. 'परस्परांना समजून घेणे' हा कागदावरचा उद्देश कुठेतरी मागे राहिला आणि जिन्यातला दिवा, रात्रीचा आवाज, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष कुणी द्यायचं, असल्या गोष्टींवर बोलणं होऊ लागलं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला मी एंडलाइन घ्यायला गेले, तर ज्याची बेसलाइन घेतली होती तो कार्यक्रमच जागेवर नव्हता. त्याचं नाव लावून दुसराच कुणीतरी बसला होता.

अशा वेळी मूल्यमापन करणाऱ्याला दोन सोप्या वाटा दिसतात. एक म्हणजे आराखडा हातात घ्यायचा, काय काय सुटलं ते मोजायचं आणि कार्यक्रम भरकटला असं लिहायचं. दुसरी म्हणजे लोक येतायत, हसतायत, बैठका चालू आहेत, तेव्हा सगळं छान आहे असं लिहायचं. पहिलीत माणसं दिसत नाहीत आणि दुसरीत काहीच दिसत नाही. मी त्या वर्षी तिसरी वाट धरली. जुनाच फॉर्म पुढे केला आणि मधली चौकट भरा म्हणाले.

हा पेच जुना आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. 1967 मध्ये मायकेल स्क्रिव्हेन यांनी मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. काम चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेलं ते फॉर्मेटिव्ह आणि काम झाल्यावर त्याची पारख करण्यासाठी केलेलं ते समेटिव्ह. विभागणी स्वच्छ आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती पुरते. पण काम कधीतरी 'होऊन जातं' हे तिने धरूनच चाललेलं असतं. मायकेल क्विन पॅटन या अमेरिकी मूल्यमापनतज्ज्ञांनी स्वतःचा एक अनुभव सांगितला आहे. ग्रामीण भागातल्या नेतृत्व-प्रशिक्षणाच्या एका कार्यक्रमाशी त्यांचा पाच वर्षांचा करार होता: निम्मा काळ सुधारणेसाठी, निम्मा निकालासाठी. निकालाच्या काळात आता कशाला हात लावायचा नाही, नाहीतर निकाल लावायचा तरी कशाचा, असं त्यांनी बजावलं, तेव्हा कार्यक्रम चालवणारी मंडळी बिथरली. भोवतालची परिस्थिती बदलत राहणार, येणारी माणसं बदलणार आणि आम्ही अडीच वर्षं हात बांधून बसायचं? त्या खडाजंगीतून 'डेव्हलपमेंटल इव्हॅल्युएशन' नावाची कल्पना निघाली आणि 2010 मध्ये पॅटन यांचं त्यावर पुस्तकही आलं. मराठीत तिला विकासलक्ष्यी मूल्यमापन वगैरे म्हणता येईल. मला ते नाव फार इस्त्री केलेलं वाटतं. मी मनातल्या मनात 'सोबतीचं मूल्यमापन' म्हणते. मोजणारा दोन टोकांना उभा राहत नाही, बरोबर चालतो, दिसेल ते वेळच्या वेळी सांगतो आणि त्या सांगण्यानेही कार्यक्रम बदलतो.

बरोबर चालण्यात धोकाही आहे, आणि तो पुस्तकांत असतो त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त मोठा असतो. सोबत चालणाऱ्याला लळा लागतो. मला लागला. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचावं.

फॉर्ममधला माझा सगळ्यात लाडका प्रश्न चौथा: 'माझ्याहून वेगळं मत असलेल्या माणसाचं बोलणं मी पूर्ण ऐकून घेतो / घेते.' बेसलाइनला झाडून सगळ्यांनी स्वतःला भरघोस गुण दिले होते. वर्षभराने तेच गुण खाली आले. एखाददुसऱ्याचे नाही, चांगल्या बऱ्याच जणांचे. संस्थेच्या कार्यालयात मी तो तक्ता दाखवला तेव्हा थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. वर्षभर ऐकण्याचा सराव करून लोक ऐकेनासे झाले की काय? कुणीतरी सुचवलं, हा एक प्रश्न अहवालातून गाळूया, एकाने काय बिघडतंय. मी नाही म्हणाले, पण लगेच म्हणाले असं नाही.

उलगडा एका काकांनी केला, तोही बैठक संपून लोक खुर्च्या उचलत असताना. मी त्यांना विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही पाच दिले होते, यंदा तीन दिलेत, ते का?

"गेल्या वर्षी मला वाटायचं, समोरचा बोलताना गप्प बसलं की ऐकलं," काका म्हणाले. "आता कळतं ना, मी गप्प बसून माझं पुढचं वाक्य जुळवत असतो."

म्हणजे काका होते तिथून पुढेच आले होते. मागे पडली होती ती त्यांची स्वतःबद्दलची समजूत. या प्रकाराला अभ्यासक 'रिस्पॉन्स शिफ्ट' म्हणतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीला जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणांच्या बाबतीत हे दाखवलं होतं: माणूस शिकण्याआधी स्वतःला जी पट्टी लावतो ती शिकल्यावर त्याच्याकडे राहत नाही. म्हणून आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांची वजाबाकी करणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांवरची मापं एकमेकांतून वजा करणं. यावर त्यांचा तोडगा असा, की शेवटी एकाच बैठकीत दोन्ही विचारावं: तेव्हा कसे होतात आणि आज कसे आहात. पट्टी एकच राहते.

पुढच्या खेपेला मी तेच केलं. आकडे एकदम शहाण्यासारखे वागले आणि सगळे वर गेले. इतके वर गेले की मला त्यांचा संशय आला. कारण आठवण ही फार भिडस्त असते. वर्षभर ज्यांच्याबरोबर बसलो त्यांना बरं वाटावं म्हणून माणूस आपल्या कालच्या स्वतःला खुशाल चार गुण कमी देतो. तेव्हापासून आकडा एकटा ठेवायचा नाही, त्याच्या शेजारी काकांचं वाक्य ठेवायचं, अशी सवय मी लावून घेतली. दोघांचं जमलं नाही तर ते न जमणंही लिहायचं.

बदलणाऱ्या बैठकांबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र मी कधीच न पाहिलेल्या बैठकांनी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बोलिव्हियातल्या इंकिसिव्ही प्रांतात 'वार्मी' नावाचा एक प्रकल्प झाला. 50 वस्त्यांमधल्या बायका एकत्र बसायच्या आणि बाळंतपणात आणि त्यानंतर दगावणाऱ्या बाळांबद्दल बोलायच्या. का दगावतात, त्यातलं आधी काय हातात घ्यायचं, आपल्याला काय करता येईल, आणि केल्यावर काय झालं, असा तो फेरा असे. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दर 1000 जन्मांमागे 117 होतं, ते 44 वर आलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे बैठकांमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येईना. पण आकडा इतका मोठा होता की गप्प बसणंही शक्य नव्हतं.

मग ती कल्पना नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात आली, या वेळी काटेकोर चाचणी म्हणून. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: जिथे बायकांचे गट होते तिथे नवजात बाळांचे मृत्यू 30 टक्क्यांनी कमी. तिथून ती झारखंड आणि ओडिशात आली आणि 'एकजुट' या संस्थेने ती चालवली. तिचा निकाल 2010 चा. तीन वर्षांत मिळून मृत्यू 32 टक्क्यांनी कमी, पण नुसती दुसरी आणि तिसरी वर्षं पाहिली तर 45 टक्क्यांनी. मी या दोन आकड्यांमधल्या फरकाकडे कितीतरी वेळ पाहत बसले होते. पहिल्या वर्षाने एकूण आकडा खाली ओढला आहे. बसायला, ओळख व्हायला, एकमेकींवर विश्वास टाकायला, काय करायचं ते ठरवायला वेळ लागला, इतकंच. पण माझ्यासारखी कुणी पहिल्याच वर्षाच्या शेवटी फॉर्म घेऊन गेली असती तर? आणखी एक गोष्ट. तिसऱ्या वर्षी तिथल्या आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य 57 टक्क्यांनी कमी आढळलं. बैठकांत नैराश्य हा विषय थेट घेतलेला नव्हता. ते मोजायचं कुणाला सुचलं नसतं, तर ते घडूनही न घडल्यासारखंच राहिलं असतं.

आणि त्याच 2010 मध्ये बांगलादेशातल्या चाचणीचा निकाल आला: फरक नाही. तीच पद्धत, तसेच गट, आणि फरक नाही. इथे 'कार्यक्रम निकामी' असा शेरा मारून फाइल बंद करता आली असती. अभ्यासकांनी तसं केलं नाही, मोजणी केली. झारखंड-ओडिशात साधारण 468 लोकसंख्येमागे एक गट होता, बांगलादेशात 1414 लोकसंख्येमागे एक. पातळ झालं होतं सगळं. मग त्यांनी तिथेच गटांची संख्या बरीच वाढवली आणि गरोदर बायकांपर्यंत पोचण्यावर भर दिला. 2013 मध्ये दुसरा निकाल आला तो नवजात मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाल्याचा. त्याच वर्षी चार देशांतल्या सात चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या. जिथे गरोदर बायकांपैकी निदान 30 टक्के बैठकांना येत होत्या, तिथे नवजात मृत्यू 33 टक्क्यांनी घटलेले दिसले. तेव्हा 'अशा बैठकांचा उपयोग होतो का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. किती दाट, कुणाला घेऊन आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न अर्धा आहे.

बोलिव्हियापासून बांगलादेशापर्यंत येताना किती काय बदललं असेल! भाषा, चित्रं, खेळ, गोष्टी, बसायची जागा, चालवणारी बाई. काय टिकलं? तो फेरा. कारण शोधा, निवडा, करा, परत पाहा. पेनेलोपी हॉ या अभ्यासक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता: अशा कार्यक्रमांत ठरीव ठेवायचं ते प्रत्येक भागाचं काम, त्याचं रूप नव्हे. सगळ्यांना एकच छापील पत्रक वाटणं हे रूप झालं. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला समजेल अशा रीतीने माहिती पोचवणं हे काम झालं. पत्रकाऐवजी कुणी नाटुकलं केलं तरी कार्यक्रम तोच राहतो. पत्रक छापून कपाटात राहिलं, तर आराखडा पाळूनही कार्यक्रम गेलेला असतो.

हे वाचून मी माझ्या जुन्या वह्या पुन्हा काढल्या, आणि तिथे मला जे सापडलं ते काही सुखाचं नव्हतं.

आमच्या बैठकांत सुरुवातीला एक फेरी असे. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं. कधीतरी ती बंद झाली. कुणी ठरवून बंद केली नाही. एकदा उशीर झाला म्हणून राहिली, एकदा लोक थोडेच होते म्हणून राहिली, मग राहूनच गेली. मला तेव्हा वाटलं, छान, आता ओळख झाली, औपचारिकपणा गळाला. वहीत मी तसंच लिहिलंय: 'वातावरण अधिक मोकळं.' पण त्यानंतरच्या पानांवर कोण काय बोललं याच्या नोंदी पाहिल्या, तर फिरून फिरून तीच तीन नावं. ती फेरी औपचारिक दिसत होती. तिचं काम होतं अबोल माणसाला तोंड उघडायची आयती संधी देणं. ती गेली तशी ती माणसं बैठकीत असूनही बैठकीतून गेली. आणि वातावरण अधिक मोकळं झालं, हेही खरंच होतं. त्या तिघांसाठी.

त्याच सुमाराला आणखी एक बदल झाला होता. बैठकीची वेळ संध्याकाळची होती, ती सुट्टीच्या दिवशी सकाळी नेली. आराखड्याच्या दृष्टीने हे दोन्ही 'बदल' सारखेच. पण दुसऱ्यामुळे संध्याकाळी घरातून पाय निघत नसे अशा चार जणी येऊ लागल्या. वेळ बदलणं म्हणजे जुळवून घेणं, फेरी सुटणं म्हणजे गळती. आणि दिसायला दोन्ही इतके सारखे, की नोंद करणारीच फसली.

मग मी एक वेगळी वही घातली. बदलांची वही. चार रकाने: काय बदललं, कुणी ठरवलं, का, आणि त्यामुळे काय सुटलं. पहिला रकाना पटकन भरे. दुसऱ्यात अनेकदा 'कुणीच नाही' असं लिहावं लागे, आणि हळूहळू मला कळलं की तीच धोक्याची खूण. चौथा रकाना महिनोन् महिने कोराच राही. काय मिळालं ते सगळे सांगतात. सुटलेल्या गोष्टीला वाली नसतो, ती स्वतः येऊन 'मी सुटले' म्हणत नाही. दर तिमाहीला आम्ही तो रकाना मोठ्याने वाचत असू. कोरा असेल तर कोरा. या एका वहीचा मला बावीस प्रश्नांपेक्षा जास्त उपयोग झाला. वेळच्या वेळी लिहायची मात्र, कारण सहा महिन्यांनी विचारलं तर प्रत्येक बदलाला सुंदर कारण मिळतं.

हजेरीपटाबद्दल थोडं. तिसऱ्या वर्षी आमची समाधानाची टक्केवारी फारच चांगली होती, आणि असणारच होती. ज्यांना पटलं नाही ते तोवर यायचे थांबले होते. उरलेल्यांनाच विचारायचं आणि मग सगळे समाधानी आहेत म्हणून खूश व्हायचं, ही चाळणीतून काढलेल्या दाण्यांची एकसारख्या आकाराबद्दल पाठ थोपटण्यातली गत. मी सोडून गेलेल्यांना फोन करायला सुरुवात केली. संस्थेच्या ताईंना ते फारसं रुचलं नाही. त्यांना वाटलं, मी उणी शोधतेय. मी शोधत होतेच.

पुष्कळांची कारणं साधी निघाली: कामाच्या वेळा बदलल्या, घर बदललं, आईचं दुखणं. एकीने सांगितलं की तिच्या बोलण्यावर एकदा सगळे हसले. हसणारे प्रेमाने हसले असतील, पण तिला परत यावंसं वाटलं नाही. माझ्या वहीत त्या दिवशी 'खेळीमेळीचं सत्र' असं लिहिलेलं होतं. आणि एका गृहस्थांचं उत्तर मी आजही विसरले नाही. "तिथे सगळे इतके समजूतदार झाले होते ना, की मला रागवायला जागाच उरली नव्हती. माझा राग खरा होता हो."

बोलणं हे औषधच आहे, ते घेतलं की उतार पडणारच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाने ती हलवली. काँगोच्या पूर्व भागात रेडिओवर समाजांमधला तणाव कमी करण्यासाठी एक मालिका लावली होती. काही भागांत नुसती मालिका, तर काही भागांत तिला जोडून श्रोत्यांना चर्चेला प्रवृत्त करणारा गप्पांचा कार्यक्रम. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की गप्पांचा कार्यक्रम ऐकणाऱ्यांनी चर्चा जास्त केली खरी, पण ते अधिक असहिष्णु झालेले दिसले, त्यांच्या तक्रारी जास्त वर आल्या, आणि नावडत्या समाजातल्या लोकांना मदत करायची त्यांची तयारी कमी झाली. म्हणून संवाद करू नये असं मी म्हणणार नाही. युद्धाच्या छायेतला रेडिओ आणि आमच्या गोल मांडलेल्या खुर्च्या यांत अंतर फार आहे. पण अपाय विचारणारा एकही प्रश्न माझ्या बावीस प्रश्नांत नव्हता. एकही नाही. जणू बोलण्याने नुकसान होणं शक्यच नाही, असं मी फॉर्म आखतानाच ठरवून टाकलं होतं.

पैसे देणाऱ्यांकडून दरवर्षी एक अधिकारी येत आणि दर सहभागीमागे खर्च किती ते विचारत. आमच्या वर्तुळात अशा प्रश्नांना नाकं मुरडायची पद्धत आहे. मला तो प्रश्न रास्त वाटतो. पैसा कुणाचा तरी असतो आणि तो दुसरीकडेही लागला असता. मला खुपायचं ते इतकंच, की काय बदललं हे ठरवायचा हक्क कुणाचा, हे कुणी विचारत नसे. रिक डेव्हिस यांनी 1990 च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामीण कार्यक्रमासाठी एक पद्धत तयार केली होती. काय मोजायचं ते आधी ठरवायचं नाही. लोकांकडून सगळ्यात महत्त्वाच्या बदलाच्या गोष्टी गोळा करायच्या आणि प्रत्येक पातळीवर त्यांतली एक निवडून, का निवडली ते लिहायचं. मला त्यातलं हे 'का निवडली' फार आवडतं.

आम्ही ते करून पाहिलं. संस्थेने निवडली ती दोन्हीकडच्या दोन ज्येष्ठांनी बैठकीत हात मिळवल्याची गोष्ट. कारण म्हणून लिहिलं: 'सलोख्याचं प्रतीक.' लोकांनी निवडली जिन्यातल्या दिव्याची. आमच्या ताईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या कष्टांचं फळ काय, तर दिवा? कारण वाचायची पाळी आली तेव्हा फॉर्मवाल्या आजी उठल्या.

"दिवा काय, कधीतरी लागलाच असता," त्या म्हणाल्या. "पण तो गेला की आता कुणाचं दार वाजवायचं ते मला माहीत आहे. वाजवलं तर उघडतात, हेही माहीत आहे."

हे कुठल्या चौकटीत बसवायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. अहवालात मी ते जसंच्या तसं टाकलं. त्यावर 'किस्सेवजा' असा शेरा आला.

माझं काम संपलं तेव्हा संस्थेचंही संपत आलं होतं. बैठका मात्र चालू राहणार होत्या, कमी वेळा, कमी माणसांत. बदलांची वही मी गटाकडे दिली. चार रकाने समजावून सांगायला लागले, तर बैठक चालवणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, एवढं कोण लिहिणार, आम्ही आमचे प्रश्न काढतो. मला थोडं लागलं. वरवर मी "हो, हो, काढा ना" म्हणाले.

तीन महिन्यांनी सहज म्हणून तिकडे गेले. बैठक संपली होती, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. आजींनी मला त्यांचे कागद दाखवले. उरलेल्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीमागे त्यांनी दर बैठकीची नोंद ठेवली होती. उलटीकडून सातवा प्रश्न आरपार दिसत होता. प्रत्येक कागदावर तीनच ओळी. पहिली: आज कोण आलं नाही? दुसरी: कोण आलं, पण बोललं नाही? तिसरी: कुणी विचारायला जायचं?

सुरुवातीच्या फेरीचं काय झालं, मी विचारलं. "ती परत चालू केली," आजी म्हणाल्या. "कंटाळा येतो. पण करतो."

मी कागद चाळत होते. पहिल्या तिन्ही महिन्यांच्या कागदांवर, पहिल्या ओळीपुढे, इतर नावांच्या शेवटी माझंही नाव होतं. तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं होतं: फोन लागत नाही.